गिऱ्हाईक आधी गावात येतं

17 नोव्हेंबर 1997 रोजी दिवेआगरच्या एका वाडीत माती खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यातून गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावाकडे तोवर लांबलचक किनारा होता, सुपारी होती, इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेले ताम्रपट होते. पण पुण्या-मुंबईचा माणूस वाट वाकडी करून तिथे क्वचितच जायचा. पुढच्या पंधरा वर्षांत चित्र पालटलं. दर्शनाला आलेला भाविक दुपारी जेवणार कुठे आणि रात्री मुक्काम करणार कुठे, या साध्या प्रश्नातून घराघरांत पानं मांडली जाऊ लागली, पडवीला लागून खोल्या निघाल्या, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी फोनवर यायला लागल्या. हे सुरू झालं तेव्हा फेसबुकचा जन्मही व्हायचा होता. वर्तमानपत्रातली बातमी, सहलींच्या बस आणि जाऊन आलेल्याने ऑफिसातल्या सोबत्याला दिलेला फोन नंबर, एवढ्या भांडवलावर गावाचा धंदा उभा राहिला. मग 24 मार्च 2012 ला देवळावर दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा खून झाला, मुखवटा गेला. गर्दी ओसरली. कुठल्या खानावळीतल्या आमटीची चव बिघडली नव्हती, कुणी पाहुण्याशी वाईट वागलं नव्हतं. तरी फटका सगळ्यांना बसला. देवळाशेजारच्या घराला बसला तसा किनाऱ्याकडच्या घरालाही बसला. चोरांकडून मिळालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून तो नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा बसवला गेला, तोवर साडेनऊ वर्षं गेली होती.

छोट्या धंद्यासाठी ओळखी वाढवणं आणि सोशल मीडियावर जाहिरात करणं या विषयाची सुरुवात दिवेआगरपासून करण्याचं कारण असं, की या विषयात जे सर्रास शिकवलं जातं त्यात ही गोष्ट बसत नाही. शिकवलं जातं ते असं: तुमचं पेज उघडा, तुमचा लोगो करून घ्या, तुमचे फॉलोअर वाढवा, रोज काहीतरी टाका. प्रत्येक वाक्यात ‘तुमचं’. घरी केक करणाऱ्या शहरातल्या बाईला किंवा ऑनलाइन कुर्ते विकणाऱ्या तरुणाला हा सल्ला बऱ्यापैकी लागू पडतो, कारण त्यांचं गिऱ्हाईक माल बघतं, पत्ता बघत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत जवळजवळ प्रत्येक छोटा धंदा जागेच्या नावावर चालतो. नागावची खोली, अलिबागचा कांदा, श्रीवर्धनची सुपारी, आणि जरा आत गेलं तर पेणचा गणपती. मुंबईकर शुक्रवारी संध्याकाळी ठरवतो ते ‘काशीदला जाऊ’ असं. कुणाकडे उतरायचं हा प्रश्न त्यानंतरचा. गिऱ्हाईक आधी गावात येतं, मग दारात. म्हणून मला इथे एकच मुद्दा मांडायचा आहे. इथल्या धंदेवाल्याने फोनमधल्या हजारो अनोळखी माणसांच्या मागे लागण्याआधी गावातल्या दहा-वीस धंद्यांशी असलेलं नातं पक्कं करावं, कारण तो जी जाहिरात करतो ती शेवटी त्या नात्याचीच असते. शेजारचा प्रतिस्पर्धी हा त्याचा पहिला भागीदार. हे भाबडं वाटेल, म्हणून जरा खोलात जाऊन तपासू.

पांढरा कांदा घ्या. अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली या पट्ट्यात भातकापणीनंतर त्याच शेतात हा कांदा लावतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढतात आणि पात विणून त्याच्या माळा करतात. चव गोडसर, तिखटपणा कमी. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे आणि 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडचा पांढरा कांदा हमरस्त्याच्या कडेला अलिबागच्या नावाने खपवला जातो, ही शेतकऱ्यांची तक्रार मात्र मानांकनाआधीपासूनची आहे आणि अजून मिटलेली नाही. आता एकट्या शेतकऱ्याने ‘माझाच कांदा अस्सल’ म्हणून कितीही रील केल्या तरी गाडी थांबवून माळ घेणाऱ्याला फरक कळत नाही. घरी नेलेला कांदा तिखट लागला की तो त्या विक्रेत्याला विसरतो आणि अलिबागला नावं ठेवतो. मानांकन कायद्यानेच एकट्याच्या मालकीचं होत नाही. ते उत्पादकांच्या समूहाच्या वतीने नोंदलं जातं आणि एकेक शेतकरी त्याचा अधिकृत वापरकर्ता होतो. जाहिरातही त्याच धर्तीची हवी. एका पट्ट्यातल्या चाळीस शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात ‘आज काढणी सुरू झाली’ असं आपापल्या स्टेटसवर टाकलं, वाफ्याचा आणि माळ विणणाऱ्या हातांचा फोटो दाखवला, आणि एवढंच सांगितलं की नवा कांदा या दिवसांत निघतो, दिवाळीत कुणी ताजा म्हणून देत असेल तर कुठला ते विचारा, तर गिऱ्हाईक शिकतं. नकली मालावर याहून चांगला उपाय मला दिसत नाही. निरीक्षक प्रत्येक टपरीपाशी उभा राहू शकत नाही. शिकलेलं गिऱ्हाईक राहू शकतं.

ओळखीवर धंदा करणं या किनाऱ्याला नवं नाही. इथल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात, कारण शब्बाथ पाळून ते शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांच्या आडनावांतून आजही किहीम, पेण, रोहा ही गावं ऐकू येतात. आजच्या भाषेत ‘शनिवार तेली’ हा ब्रँड झाला, आणि तो कुणी पाटी लावून केलेला नव्हता. न चुकता पाळलेल्या एका शिस्तीतून आपोआप झाला होता. शनिवारी घाणा थांबवणं हे त्या दिवसापुरतं नुकसानच, तरी उरलेल्या सहा दिवसांची ओळख त्याच दिवसाने ठरवली. रोज काहीतरी टाकत राहा असा धोशा लावणाऱ्या तज्ज्ञांनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

मात्र ओळख ओळखीत फरक असतो. 1973 मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं होतं, की ज्याने ही खबर दिली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटत असे. ‘नेहमी’ म्हणणारे जेमतेम 17 टक्के निघाले. बाकीच्यांना खबर मिळाली होती ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला तेच माहीत असतं जे आपल्यालाही माहीत असतं. नागावच्या खोलीवाल्याचा काका नागावातच राहतो, तो गिऱ्हाईक आणणार कुठून? गिऱ्हाईक आणतो तो लालबागला स्थायिक झालेला गावकरी, मागच्या मे महिन्यात दोन रात्री राहून गेलेली ठाण्याची शिक्षिका, मांडव्याच्या धक्क्यावरचा रिक्षावाला. सोशल मीडियाचं खरं बळ इथे आहे. ज्यांना आपण वर्षातून एकदाही फोन करणार नाही अशी पाचशे माणसं स्टेटसच्या निमित्ताने आपल्याला विसरत नाहीत. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट केलेला निरोप तर ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच पोचतो. म्हणजे यंत्रानेही अट घातली आहे ती ओळख दोन्हीकडून असण्याची. पन्नास हजार अनोळखी डोळ्यांपुढे रील नाचवण्यापेक्षा ही पाचशे पुसट ओळखीची माणसं धंद्याला अधिक उपयोगी. पण लक्षात घ्या, पुसट ओळखीतून खबर मिळते, भरवसा मिळत नाही. ठाण्याच्या शिक्षिकेने तिच्या मैत्रिणीला नंबर दिला तरी ती मैत्रीण येऊन काय अनुभवते हे खोलीवाल्याच्या एकट्याच्या हातात नसतं. तिला बोट कुणाची मिळाली, रिक्षाने किती घेतले, मासळी ताजी होती का, किनाऱ्यावर घोडेवाल्याने त्रास दिला का, या सगळ्यांची बेरीज करून ती परत गेल्यावर सांगते, ‘नागाव छान आहे’ किंवा ‘नको जाऊस’.

फोनमुळे धंदा सुधारतो याचा सगळ्यात जास्त गाजलेला पुरावा आपल्यासारख्याच एका किनाऱ्यावरचा आहे. 1997 ते 2001 या काळात केरळच्या उत्तर भागात मोबाइल टप्प्याटप्प्याने पोचला आणि रॉबर्ट जेन्सेन या अर्थशास्त्रज्ञाने त्याआधीच्या आणि नंतरच्या मासळीबाजारांची तुलना केली. 2007 मध्ये आलेल्या त्याच्या अभ्यासानुसार आधी रोजच्या मासळीपैकी 5 ते 8 टक्के, त्या बंदरावर घेणारा न मिळाल्याने, फुकट जायची. फोन आल्यावर होड्या जिथे मागणी आहे तिथे वळू लागल्या, ही नासाडी थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त पडली. विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं एकाच वेळी भलं झाल्याचं असं उदाहरण दुर्मीळ. पण गोष्ट इथे संपत नाही. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी पुढे त्याच किनाऱ्यावर जाऊन चौकशी केली आणि 2013 मध्ये दाखवून दिलं, की मासळी कुठे उतरवायची हे अनेकांच्या बाबतीत फोनवरच्या भावावर ठरत नाही; होडी कसली आहे, कर्ज कुणाचं आहे, लिलाव करणाऱ्याशी संबंध कसे आहेत, यावर ते ठरतं. रेवदंडा, आग्राव, कोर्लई, बोडणी, थळ इथल्या कुठल्याही कोळीवाड्यात हे समजावून सांगावं लागणार नाही. डिझेल-बर्फासाठी ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याकडेच मासळी द्यावी लागत असेल, तर ससून डॉकचा भाव व्हॉट्सॲपवर नुसता बघायचा. म्हणून फोन आला की धंदा वाढला, या घोषणेवर माझा विश्वास नाही. ज्याला दोन गिऱ्हाइकांतून एक निवडायची मोकळीक आहे त्यालाच फोनचा उपयोग होतो. ही मोकळीक कधी बचत गटाच्या कर्जातून येते, कधी मच्छीमार सोसायटीतून, कधी मालाच्या स्वभावातून. सुकी मासळी हे या शेवटच्या गोष्टीचं उत्तम उदाहरण. सोडे, जवळा, सुके बोंबील महिनोन्‌महिने टिकतात, गिऱ्हाइकाची वाट बघू शकतात, पार्सलने पुण्याला जाऊ शकतात. किनाऱ्यावरच्या बायकांनी ऑनलाइन विक्रीला हात घालायचा असेल तर ताज्या पापलेटाआधी सोड्यांपासून सुरुवात करावी, आणि ती गटाने करावी, म्हणजे एकीचा माल संपला तरी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही.

इथवर मान्य करणाराही एक आक्षेप घेतो: माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं, मग हा सगळा खटाटोप कशाला? हा आक्षेप स्वाभिमानातून येतो, म्हणून त्याची टिंगल करू नये. पण तो ज्या काळातला आहे तो काळ सरला. गिऱ्हाईक पूर्वी कुणाला तरी विचारून यायचं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो 15 मार्च 2020 ला सुरू झाली (दहा दिवसांत देशभर टाळेबंदी लागली, हा तिच्या नशिबाचा भाग). 12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. अंतर कमी झालं आणि न विचारता, न ठरवता येणारा माणूस वाढला. तो गाडीत बसल्यावर फोनवर शोधतो आणि तारे मोजतो. या ताऱ्यांची किंमत किती, हे हार्वर्डच्या मायकल लुका याने 2011 मध्ये सिएटल शहरातल्या हॉटेलांच्या हिशेबांवरून काढलं. ‘येल्प’ या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढतं, असं त्याला आढळलं. आणि ही वाढ होते ती स्वतंत्र हॉटेलांची, साखळी हॉटेलांची नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं, तारा त्यांना नवं काही सांगत नाही. ‘पैसेवाल्यांपुढे आपलं काय चालणार’ म्हणणाऱ्यांनाही यात उत्तर आहे. अलिबागच्या आसपास मोठमोठे व्हिला आणि त्यांच्या जाहिरातींवर खर्च करणाऱ्या कंपन्या आल्या हे खरं, आणि पैसे देऊन दाखवायच्या जाहिरातींच्या शर्यतीत घरगुती खोलीवाला हरणार हेही खरं. त्या शर्यतीत उतरूच नये. आलेल्या पाहुण्याला जाताना दोन ओळी लिहायची विनंती करणं फुकट आहे, आणि ते लहान माणसाला मोठ्यापेक्षा जास्त फळ देतं.

अर्थात फुकट मिळणाऱ्या गोष्टीत भेसळही लवकर होते. पुतण्याकडून, मेहुण्याकडून पाच-पाच तारे लिहून घेण्याचा मोह अनेकांना होतो. खोट्या अभिप्रायांचा प्रश्न इतका वाढला, की भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस 19000:2022’ हे मानकच काढलं. आणि फुकट राहून-जेवून स्तुतीचे व्हिडिओ करणाऱ्यांनी मिळालेला लाभ जाहीर करावा, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी 2023 मध्ये बजावलं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या कॉटेजचे फोटो लावून ॲडव्हान्स उकळणारी बनावट पेजं. कुटुंब दोन मुलांना घेऊन रात्री दारात उभं राहतं आणि घरमालकाला बुकिंगची गंधवार्ताही नसते. फसलेल्या माणसाने 1930 या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावं हे ठीक, पण तोवर गावाचं नाव खराब झालेलं असतं. यावर एकट्याच्या पेजवर निळी खूण लावून भागत नाही. गावातल्या सगळ्या घरगुती मुक्कामांची नावं, खरे फोन नंबर आणि पैसे कोणत्या नावाच्या खात्यावर जातात हे एका जागी, ग्रामपंचायतीच्या किंवा व्यावसायिकांच्या संघटनेच्या पानावर असलं, तर बनावट पेज पहिल्या चौकशीत उघडं पडतं. इथे शेजारी हा विम्यासारखा उपयोगी पडतो.

‘पण आपल्या लोकांत एकी कुठे आहे?’ हा खरा कळीचा आक्षेप. ऑफ सीझनला शेजारी तीनशे रुपयांनी दर पाडतो, मग त्याच्याशी कसली भागीदारी? दर पाडण्याची शर्यत आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती टाळणारं गाव आपल्या नजरेच्या टप्प्यात आहे. हरिहरेश्वराच्या दक्षिणेला बाणकोटची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास लागतं. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 पासून तिथे सागरी कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, गावकरी त्यात आले, आणि पिल्लं समुद्रात सोडण्याच्या दिवसांत कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात राहतात, घरचंच जेवतात, आणि दरावरून घराघरांत मारामारी होत नाही, कारण तो गावाने मिळून ठरवलेला असतो. आणि एकीचं म्हणाल तर अलिबाग तालुक्याने त्याहून कितीतरी कठीण परीक्षा दिलेली आहे. चरी आणि परिसरातल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमीन कसायची नाही म्हणून संप केला. पोट बांधून सहा वर्षं शब्द पाळणाऱ्यांच्या नातवंडांना शनिवार-रविवारचा खोलीचा दर एकत्र बसून ठरवता येणार नाही, हे मला पटत नाही. नारायण नागूंनी त्या झगड्याच्या काळात ‘कृषीवल’ हे स्वतःचं पत्र उभं केलं, हेही विसरू नये. बोलायचं तर ते स्वतःच्या मालकीच्या जागेवरून, एवढं त्यांना कळत होतं.

आज नेमकं हेच आपण विसरतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब या जागा भाड्याच्या आहेत, आणि भाडेकरार मालक हवा तेव्हा बदलतो. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीर केलं, की यापुढे धंद्यांच्या पेजांपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या गोष्टी लोकांना आधी दाखवल्या जातील. वर्षानुवर्षं मेहनतीने फॉलोअर जमवलेल्यांचा आवाज त्यानंतर बसला. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकसह 59 ॲप बंद केले, तेव्हा त्यावर नाव कमावलेल्यांची कमाई एका रात्रीत पुसली गेली. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही जवळजवळ सहा तास बंद पडले. आणि या किनाऱ्याने तर याहून मोठं बंद पाहिलं आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्यात वीज आणि मोबाइल टॉवर गेले ते अनेक दिवस परतले नाहीत. पोफळी आणि नारळ आडवे झाले, आणि नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. त्या दिवसांत मुंबईतली गावमंडळं, नातेवाईक, जुने पाहुणे यांनी पत्रे, ताडपत्र्या, धान्य पाठवलं ते फॉलोअर म्हणून नव्हे. म्हणून माझा आग्रह एका साध्या वहीचा आहे. आलेल्या पाहुण्याचं नाव, नंबर, गाव, कुणाच्या ओळखीने आला, मुलांना काय आवडलं, हे त्याची परवानगी घेऊन लिहून ठेवावं. (हीच माहिती फोनमध्ये भरायची असेल तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही लक्षात ठेवावा.) ही वही कुठलीही कंपनी बंद करू शकत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. जाहिरात यशस्वी झाली तर? काशीद किंवा नागावला लागून सुट्ट्या आल्या की काय होतं हे सगळे बघतात: वडखळपासून रांगा, पुळणीत रुतलेल्या गाड्या, विहिरींना न पुरणारं पाणी, सकाळी गोळा कराव्या लागणाऱ्या बाटल्या. 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याच्या एका महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्या किनाऱ्याचे सुंदर फोटो लाखो आहेत. भरती-ओहोटीची वेळ त्यांतल्या किती फोटोंखाली असते? जो धंदेवाला किनाऱ्याच्या नावावर कमावतो त्याच्यावर ही वेळ सांगण्याचीही जबाबदारी येते, आणि ती सांगितल्याने गिऱ्हाईक पळत नाही. ‘उद्या दुपारनंतर उधाण आहे, सकाळीच जाऊन या, गाडी पुळणीवर नेऊ नका’ असा निरोप पाठवणाऱ्या घराकडे माणसं पुन्हा येतात, कारण ही माहिती शहरातल्या कंपनीच्या कॉल सेंटरकडे नसते. गर्दी आवरण्याचं हत्यारही याच फोनमध्ये आहे. भरलेल्या शनिवारी आणखी गिऱ्हाईक ओढून घेण्याऐवजी थंडीतल्या मंगळवारी पोपटीचं मडकं लागणार आहे हे सांगावं. वालाच्या शेंगांचा हंगाम जाहीर करावा. स्वतःकडे जागा नसेल तर मोकळेपणाने शेजाऱ्याचा नंबर द्यावा. भरलेल्या घराने दुसऱ्या घराला दिलेलं गिऱ्हाईक ही माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक जाहिरात आहे, आणि तिच्यावर कुठल्याही कार्यशाळेत अर्धा तासही खर्च होत नाही.

एक गोष्ट घाईत का होईना, सांगायला हवी. या किनाऱ्यावरचं घरगुती जेवण, पापड, सुकी मासळी, कोकम हे बहुतेक बायकांच्या हातचं काम. पण पेज असतं मुलाच्या नावाने आणि पैसे जातात नवऱ्याच्या खात्यावर. 1975 मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ आणि 2011 मध्ये सुरू झालेलं ‘उमेद’ अभियान बचत गट उभे करत आहेत. त्या गटांना फोन शिकवताना खातं आणि पासवर्ड कुणाच्या हाती राहणार हे आधी ठरवा. नाहीतर मुलगा नोकरीला पनवेलला गेला की धंद्याचं तोंड बंद होतं.

पुढच्या पानांत पेज कसं उघडावं, फोटो कुठल्या उजेडात काढावा, किमती कशा लिहाव्यात हे आहेच, आणि ते शिकण्यासारखंही आहे. फक्त एक विनंती. मे संपला की गेटवेहून येणाऱ्या लाँच थांबतात आणि किनाऱ्यावरचा धंदाही थंडावतो. हे पुस्तक त्या दिवसांत वाचा, आणि एकट्याने वाचू नका. शेजारचा खोलीवाला, रिक्षावाला, मासळीवाली आणि मोदक करणारी वहिनी यांना एका पडवीत बोलवा, एकमेकांचे नंबर लिहून घ्या, दर ठरवा. फोन त्यानंतर उघडा.